झोप लाईटीवर आहे

झोप हा माणसाचा मूलभूत अधिकार आहे. हे मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्ट म्हणतं. 2011च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला आलेली माणसं गाढ झोपेत असताना पोलिसांनी मध्यरात्री मैदान रिकामं केलं. त्या प्रकरणाचा निकाल फेब्रुवारी 2012मध्ये लागला आणि कोर्टानं संविधानाच्या कलम 21मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या पोटात, झोपेलाही जागा करून दिली. पुढं एप्रिल 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ईडीला सुनावलं, की चौसष्ट वर्षांच्या माणसाला अर्ध्या रात्रीपर्यंत बसवून जबाब कसले घेता, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे. वाचून फार बरं वाटलं. आता नांदेडकडच्या भोकरात बसून प्रश्न एवढाच उरला, की आपण दावा लावायचा कोणावर?

आरोपींची यादी मोठी आहे. लग्नसराईतला डीजे रात्री दहाला बंद व्हावा असा नियम आहे, आणि डीजे होतोही. नवरदेवाचे मित्र बंद होत नाहीत. गल्लीतल्या कुत्र्यांची सर्वसाधारण सभा बाराला भरते आणि कोणताही ठराव न होता चारला संपते. डास आहेतच. शेतात रानडुकरं आहेत, रोही आहेत, त्यांच्यासाठी जागलीला जावं लागतं. भुईमूग पेरणाऱ्यानं तर झोपेचं नावच काढू नये. पण या सगळ्यांहून मोठा आरोपी तारेवरून येतो.

ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाची लाईट घरच्या लाईटीसारखी नसते. ती ठरावीक तास येते आणि पाळीनं येते. काही दिवस दिवसाची, काही दिवस रातची. रब्बीत हरभरा, गहू, हळद पाणी मागतात तेव्हा नेमकी थंडी असते, आणि त्या थंडीत मधेच रातचा आठवडा निघतो. मग कानटोपी, ब्याटरी, खांद्यावर फावडं घेऊन माणसं रानाची वाट धरतात. हल्ली मोबाईलवरून मोटर चालू करता येते म्हणतात. येते ना. पण पाणी मोबाईलवरून वळत नाही, दारं धरायला माणूसच लागतो. एक वाफा भरेपर्यंत बांधावर टेकावं, तर तेवढ्यात डोळा लागतो आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं. मराठवाड्यातली अर्धी भावकीची भांडणं या डुलकीतून उगवली असावीत असा माझा संशय आहे.

माझे दाजी या पाळीवर जगतात. मोठ्या बहिणीचे यजमान. भोकरपासून थोड्या अंतरावर त्यांचं रान आहे. गेल्या वर्षी त्यांना नांदेडला डॉक्टर लेनमध्ये न्यायची वेळ आली, कारण ब्लडप्रेशर गोळ्यांना दाद देईना. डॉक्टर तरुण होते, नम्र होते, भोकरच्या बाजूला बहुधा कधी आले नव्हते.

"काका, रोज किती वाजता झोपता?"

"लाईटीवर आहे, साहेब."

"लाइट बंद करूनच झोपायचं. पण वेळ कोणती?"

"तेच सांगायलो ना. लाईटीवर आहे."

दोघांनी एकमेकांकडं करुणेनं पाहिलं. मी मधे पडून उलगडा केला, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांच्या प्रश्नात चूक नव्हती. झोप किती तास, यापेक्षा ती रोज ठरल्या वेळी होते का, याला संशोधक आता जास्त भाव देऊ लागले आहेत. ब्रिटनमधल्या साठेक हजार लोकांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोपेच्या नोंदी घेतल्या, पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि 2024मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की झोपेच्या वेळा पाळणारे लोक वेळा मोडणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. आयुष्याचा अंदाज बांधायला तासांपेक्षा नियमितपणा अधिक कामाचा ठरला. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं 2022मध्ये हृदय धड ठेवणाऱ्या गोष्टींच्या यादीत झोपेची भर घातली. तोवर त्या यादीत सातच गोष्टी होत्या, आठवी झोप. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रातपाळीच्या कामाला 2007मध्ये, आणि पुन्हा 2019मध्ये, 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात बसवलं. रातपाळी म्हटलं की डोळ्यांसमोर नर्स येतात, कारखान्यातले कामगार येतात, विमानातले कर्मचारी येतात. हरभऱ्याला पाणी देणारा माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्याला रातपाळीचा भत्ता नाही आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीही नाही, कारण दुसऱ्या दिवशी फवारणी आहे.

आपल्या शरीरात एक घड्याळ असतं, पेशीपेशीत असतं, आणि त्याचे काटे फळमाशीच्या जनुकांतून उलगडणाऱ्या तिघा अमेरिकनांना 2017चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मोडतं का ते बघायला शिकागोचे नथॅनिएल क्लाइटमन 1938 साली एका विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत बत्तीस दिवस राहिले. चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस करून जगायचं, असा बेत. तरुण विद्यार्थी त्या दिवसाला रुळला. चाळिशीतल्या क्लाइटमनसाहेबांचं शरीर काही ऐकेना. एवढ्यासाठी गुहेत जायची गरज काय होती कळत नाही. आमच्याकडं हाच प्रयोग फिडरवर चालतो, आणि निष्कर्षही तोच आहे. पोरगं रातची लाईट झेलतं, बाप झेलत नाही. सौर कृषी वाहिनीची योजना 2017मध्ये निघाली ती याचसाठी, की शेतीला दिवसा वीज मिळावी. जिथं ती पोचली तिथली माणसं सांगतात, की पहिला आठवडा रात्री बाराला आपोआप जाग यायची आणि बाजेवर उठून बसल्यावर आठवायचं, की आपल्याला कुठंच जायचं नाही.

रातपाळीनंतर शिणवटा उतरवायची रीतसर सोय आमच्याकडं एकालाच आहे. पंढरीच्या विठोबाला. आषाढी एकादशीपासून देव चार महिने झोपतात असं शास्त्र, पण पंढरपुरात आषाढीच्या यात्रेला नेमका देवाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती नाही, निद्रा नाही, चोवीस तास दर्शन. उभं राहून पाठ अवघडू नये म्हणून पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळायची, गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, रात्री औषधी काढा द्यायचा आणि मग पलंग पुन्हा जागेवर. झोपेचं कर्ज कसं फेडावं हे आमच्या लोकांना ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. फक्त ते ज्ञान देवापुरतं ठेवलंय. बाकीच्यांनी चहा प्यावा.

परत दाजींकडं. त्यांच्या ब्लडप्रेशरमागं घोरणं निघालं. घोरण्याला आमच्याकडं आजार मानत नाहीत. माणूस ढाराढूर झोपलाय, म्हणजे सुखी आहे, असाच अर्थ लावतात. पाहुण्यांमध्ये एखाद्याचं घोरणं तर दोन-दोन तालुक्यांत नावाजलेलं असतं. फेब्रुवारी 2022मध्ये बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारणांत 'स्लीप अॅप्निया' सांगितला, तेव्हा हा शब्द पहिल्यांदा आमच्या पारावर पोचला. प्रकार साधा आहे आणि भयंकर आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा घरघराट होतो, वाट उघडते, पुन्हा झोप, पुन्हा तेच. रात्रीतून शेकडो वेळा. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही, पण हृदयाला आठवतं. दर दचकण्याला रक्तदाब उसळतो. पुढं झटका, पक्षाघात, साखर यांची भीती वाढते. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी भारतभरचे अभ्यास एकत्र करून 2023मध्ये हिशेब मांडला, तर मोठ्या माणसांतल्या शंभरांमागं अकरांना हा त्रास निघाला; म्हणजे कामकरी वयातले सुमारे दहा कोटी चाळीस लाख लोक. आणि यासाठी जाडच असावं लागतं असंही नाही. दाजी काठीसारखे आहेत. जबड्याची ठेवण, घशाची बांधणी, वय, एवढंही पुरतं.

तपासणीची रात्र मात्र बघण्यासारखी होती. डोक्याला, छातीला, पायांना तारा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि एवढं झाल्यावर तंत्रज्ञ प्रेमानं म्हणाला, "आता नेहमीसारखं झोपा." दाजी म्हणाले, नेहमीसारखं म्हणजे बांधावर का? पण तारा ज्याच्या रोजच्या ओळखीच्या, त्याला त्यांचं काय भय! पाच मिनिटांत डोळा लागला. ताशी पाचदा श्वास अडला तर आजार, तीसच्या वर गेला तर गंभीर, असा हिशेब असतो. दाजी तीसच्या बरेच पुढं निघाले. परीक्षेत एवढे मार्क आपल्याला कधी पडले नव्हते, असं ते गावभर सांगत होते.

उपाय म्हणून यंत्र मिळालं. नाकावर मुखवटा, त्यातून रात्रभर हवेचा हलका दाब, म्हणजे घसा मिटतच नाही. हे यंत्र 1980 साली सिडनीच्या कॉलिन सुलिवान नावाच्या डॉक्टरनं जुळवलं. बांधकामावरचा एक कामगार आला होता. गळ्याला भोक पाडून नळी घालू, असं सांगितल्यावर तो नको म्हणाला. मग सुलिवाननी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीची हवा उलटी फिरवून नाकात सोडली. त्या कामगाराला झोप लागली आणि पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. मोटरीची ही कथा दाजींना फार आवडली. मोटर म्हटलं की त्यांना विषय समजतो. "किती एचपीची?" एवढंच त्यांनी विचारलं. अडचण एकच. यंत्रही लाईटीवर. आणि रातच्या आठवड्यात यंत्र घरी एकटंच असतं, दाजी रानात.

डॉक्टरांनी आणखी एक कागद दिला होता. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलातल्या मरे जॉन्स यांनी 1991मध्ये केलेले आठ प्रश्न. अमुक ठिकाणी बसला असता पेंग येण्याचा संभव किती, शून्य ते तीन गुण द्या. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. वाचताना पेंग येते का? टीव्ही बघताना? सभेत गप्प बसला असताना? तासभर गाडीत बसल्यावर? दुपारी आडवं पडल्यावर? जेवणानंतर शांत बसल्यावर? मी तो कागद गल्लीत फिरवला आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली रोगी ठरली. ग्रामसभेत झोप न येणारा माणूस शोधून सापडला नाही. नांदेडहून निघालेली एसटी बारडला येईपर्यंत अर्धी बस माना टाकते, त्यात कंडक्टर धरू नका. कीर्तनाला पेंगणं आमच्याकडं लक्ष लागल्याचं लक्षण समजतात. दुपारी आडवं पडल्यावर झोप येते का, या प्रश्नावर तर एक म्हातारबुवा चिडलेच. "नाही तर पडायचं कामून?" सिग्नलला गाडी थांबली असता झोप लागते का, हा प्रश्न मात्र आम्ही सर्वांनी शून्य गुणांनी जिंकला. आमच्याकडं गाडी थांबते ती म्हशींसाठी, आणि त्या वेळी झोपून चालत नाही.

दुपारच्या झोपेची थट्टा करणारे लोक शहरात आहेत. त्यांच्यासाठी मी 2021चा एक अभ्यास खिशात ठेवतो. चेन्नईतल्या गरीब वस्त्यांमधल्या चारशे बावन्न माणसांवर अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणावर आणि झोप मात्र साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट, म्हणजे ओळखीचंच सगळं. त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, पंखे दिले, झोपायला पैसेही दिले. रात्रीची झोप जवळजवळ अर्ध्या तासानं वाढली, पण कामात, बुद्धीत, मिळकतीत फरक शून्य. मग काहींना दुपारी कामाच्या ठिकाणीच अर्धा तास झोपू दिलं. त्यांचं काम सुधारलं, चित्त थाऱ्यावर आलं, मनही प्रसन्न झालं. वामकुक्षीवर असा शिक्का मारायला एमआयटी-हार्वर्डची माणसं यावी लागली. खरं सांगायचं तर झोपलेल्या अर्ध्या तासाचं काम बुडालं ते बुडालंच, असंही त्यात आहे. ते पान मी दाखवत नाही.

संशोधकांवर फार भिस्त ठेवू नये, हेही खरं. झोपेत मेंदू धुतला जातो, असा संदेश व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येतो, पाठवणारा बहुतेक रात्रभर जागा असलेला. 2013मध्ये उंदरांवर तसं दिसलं होतं. 2024मध्ये लंडनच्या काही शास्त्रज्ञांनी उंदरांवरच उलटं दाखवलं, की झोपेत धुणं मंदावतं. उंदरांची झोप दोन्हीकडून गेली. पण काही गोष्टी घट्ट आहेत. 1999मध्ये शिकागोत अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, आणि साखर पचवण्याची त्यांची ताकद इतकी घसरली, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी. आमच्याकडं साखर वाढली की 'टेन्शननं वाढली' म्हणतात. टेन्शन रात्री कुठं असतं, ते कोणी विचारत नाही.

आणि एक न झोपणं असं आहे, की त्याला यंत्र नाही. 1993च्या 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरलं. आदल्या रात्री गणपती बोळवून थकून झोपलेली माणसं होती. दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं त्यांच्यावर आली. हजारो गेली. त्यानंतर कित्येक महिने नुसतं लातूर-धाराशिव नाही, आमच्या बाजूची माणसंसुद्धा अंगणात, रस्त्यावर, खळ्यात झोपत होती. 2024च्या मार्चमध्ये सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली-नांदेडला धक्का बसला, तेव्हा तीस वर्षांपूर्वीची ती पहाट ज्यांनी पाहिली होती ती माणसं तरण्या पोरांच्या आधी दाराबाहेर होती. त्यांची झोप सावधच राहिली आहे.

लेकरांचं मात्र सरकारनं मनावर घेतलं. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024मध्ये निघाला, पोरांची झोप होत नाही म्हणून. पोरं नऊच्या शाळेसाठी आता रात्री एक तास उशिरा झोपतात.

राहिली आक्का, माझी मोठी बहीण. एम्सच्या त्या हिशेबात पुरुष शंभरांत तेरा आणि बाया पाच. हा पाचाचा आकडा मला पटला नाही. घोरण्याला साक्षीदार लागतो. दाजींच्या घोरण्याला घर साक्षी आहे. आक्का सगळ्यांच्या मागून झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते, तिचं घोरणं ऐकणार कोण? बायकांत हा आजार घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, तुटक झोप अशा रूपात येतो, असं डॉक्टर सांगतात. आणि थकवा हे लक्षण धरलं तर भोकर तालुक्यातली कोणती बाई निरोगी निघेल? तिच्या आईची पिढी तर पहाटे तीनला जात्यावर बसायची. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या अपुऱ्या झोपेच्या ओव्या आहेत, हे कोणी ध्यानात घेत नाही.

मी आठ प्रश्नांचा कागद आक्कापुढंही धरला. पाचव्या प्रश्नाशी ती थांबली. "दुपारी आडवी पडले, की सांगते," म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली. मग तिचं मन रमावं म्हणून मी तिला ऊर्मिळेची गोष्ट सांगितली. भैंसा, निर्मळ आमच्यापासून लांब नाहीत, तिकडच्या तेलुगू बाया हे गाणं म्हणतात. लक्ष्मणाला वनवासात रामाची राखण करायला जागं राहायचं होतं, म्हणून त्याच्या वाटणीची झोप ऊर्मिळेनं घेतली, आणि ती चौदा वर्षं सलग झोपली.

आक्काचे हात सुपातच थांबले.

"चौदा वर्षं? आन् कोणी हाक नाही मारली, चहा ठेव म्हणून?"